आबांच्या राणेसाहेबांच्या गावाला : चार दिवस, तीन घाट

पाटण तालुक्यातल्या आमच्या घरात देवघराशेजारी एक फोटो आहे. विठ्ठल-रखुमाई, मग आजोबा, मग हे. फौजी टोपी, छातीवर पदकं. मासिकातून कापून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः फ्रेम करून घेतलेला. लहानपणी मला ते आमचेच कुणीतरी चुलत आजोबा वाटायचे. दिवाळीला त्यांनाही हार असायचा. ते मेजर रामा राघोबा राणे, परमवीर चक्र, बॉम्बे सॅपर्स, हे मला पाचवीत कळलं.

आबाही बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे फौजेसाठी वाटा-पूल करणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या दलाचे. १९६३ ला खडकीत भरती, १९८३ ला हवालदार म्हणून पेन्शन. पुढची चाळीस वर्षं शेती, आम्ही दोघं, नातवंडं आणि नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. राणेसाहेबांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पण एकदा त्यांच्या गावाला, कारवारजवळच्या चेंडियेला, जाऊन यायचं, हे दर उन्हाळ्यात ठरायचं आणि दर उन्हाळ्यात विहिरीचं काहीतरी निघायचं. २०२४ च्या जानेवारीत आबा गेले. २०२५ च्या जानेवारीत वर्षश्राद्ध झालं आणि चौथ्या दिवशी आई म्हणाली, "चला, त्येंचं राह्यलेलं करून येऊ." आई, मी, दादा आणि दादाचा बारावीतला मुलगा. गाडी दादाची.

पहिला दिवस : गाव ते बेळगाव

पहाटे पाचला निघालो आणि दोनशे पावलांवर थांबलो. ओढ्यावर साकव आहे. आबांनी १९८६ साली गावातल्या आठ-दहा जणांना धरून तो बांधला. दगड ओढ्यातलेच, सिमेंट वर्गणीचं. त्यांचा नियम असा, की गाडी साकवावरून रिकामी काढायची, माणसांनी चालत यायचं. एसटी आमच्याकडे येत नाही, पण ऊस भरलेल्या बैलगाडीपासून पुतण्याच्या बुलेटपर्यंत सगळ्यांना हा नियम लागू होता. चाळीस वर्षांत साकवाचा एक दगड हलला नाही, नियमही नाही. थंडीत कुडकुडत आम्ही उतरलो, आईसुद्धा, आणि गाडीमागून चालत पलीकडे गेलो. भाच्याला हसू येत होतं.

कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणी. हायवेचं काम सुरूच असल्यामुळे दर दहा मिनिटांनी वळण. तवंदी घाटात आईनं बांधून घेतलेल्या भाकऱ्या, खर्डा आणि दही. हा दिवस एवढाच, पण संध्याकाळ मोठी निघाली, कारण बेळगावात मामा.

मामा मराठा लाइट इन्फंट्रीचे, तेही जंगी पलटणीचे. पलटणीचं मूळ १७६८ चं आहे हे ते चहा ओतता ओतता सांगतात, जणू त्या साली तेही रांगेत उभे होते. मराठा रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. बरेच मराठा जवान निवृत्तीनंतर इथेच राहतात, तसे मामाही. आबा आणि मामा यांच्यात पन्नास वर्षं एकच भांडण चाललं. मामा म्हणायचे, लढतं ते पायदळ. आबा म्हणायचे, व्हय, पर आम्ही वाट केल्याबिगर तुम्ही लढायला जाता कुठनं?

त्या संध्याकाळी मामांनी जमालपूर सांगितलं. आम्ही ते दहादा ऐकलंय, भाच्यानं पहिल्यांदा ऐकलं. डिसेंबर १९७१. ब्रह्मपुत्रेकाठच्या जमालपुरात पाकिस्तानची ३१ बलूच पलटण अडकलेली. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी लिहिली आणि एका मुक्तिवाहिनीवाल्याला सायकलवरून पाठवलं. उत्तर आलं ते बंदुकीची गोळी गुंडाळलेल्या कागदात. मजकूर असा, की लेखणी छान चालवता, पुढच्या वेळी हातात स्टेनगन घेऊन भेटा. १० तारखेच्या रात्री बलूचवाल्यांनी बाहेर पडायचा प्रयत्न केला आणि वाटेत मामांची पलटण बसलेली होती. दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं.

"आणि आबा तेव्हा कुठं होते?" भाच्यानं विचारलं.

मामा जरा थांबले. "तुझा आजा पश्चिमेला. आमची लढाई डिसेंबरात संपली पोरा. त्याची नाही संपली. सीझफायर झाल्यावर सुरुंग काढायला सॅपरच लागतात. आमच्यात मिठाई वाटत होते तेव्हा हा पोटावर झोपून गव्हाच्या रानात संगिनीनं टोचत होता."

आई पलीकडे लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मार्चात ह्यो झाला." ह्यो म्हणजे दादा. "पोस्टमन दिसला की मी परड्यात जायची. तार असंल तर सासूबाईंनी घ्यावी म्हणून." आबांनी दादाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो पाच महिन्यांचा होता. हे मला माहीत होतं. परड्याचं माहीत नव्हतं.

बेळगावात मुक्काम असेल तर कुंदा घ्या, पण परतीला घ्या. चार दिवस गाडीत तो टिकत नाही, आमचा टिकला नाही. रेजिमेंटल सेंटर बघायचं असेल तर परवानगीचं आधी विचारून ठेवा. माजी सैनिकाचं ओळखपत्र किंवा तसं कुणी बरोबर असेल तर काम सोपं होतं. आम्हाला मामांनी बाहेरूनच फिरवलं आणि भिंतीकडे बोट करून अर्धा तास बोलले.

दुसरा दिवस : अणशी घाट आणि एक कोनफळ

बेळगावहून कारवारला जायला लोक धारवाड-यल्लापूर घेतात किंवा गोव्यातून उतरतात. आम्ही खानापूर, रामनगर, गणेशगुडी, जोयडा, अणशी, कद्रा असे गेलो. दादाला हा रस्ता त्याच्या ट्रान्सपोर्टवाल्या मित्रानं सांगितला होता. रस्ता अरुंद आहे, बऱ्याच ठिकाणी काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो आणि मोबाइलला रेंज जवळजवळ नाही. पेट्रोल आधी भरून घ्या, नकाशा ऑफलाइन ठेवा, अंधार पडायच्या आत घाट उतरा. पावसाळ्यात या घाटात दरडी पडतात, तेव्हा आधी चौकशी केल्याशिवाय जाऊ नका. जानेवारीत मात्र सुख आहे. सकाळी दहापर्यंत धुकं, झाडांच्या शेंड्यावर ऊन आणि खाली रस्ता ओला.

जोयड्याच्या पुढे टायर बसलं. स्टेपनी होती, जॅक नव्हता. जॅक गेल्या महिन्यात शेजाऱ्यानं नेला होता, हे दादाला तेव्हा आठवलं. आबा असते तर काय म्हणाले असते ते आम्ही कुणी बोललो नाही, सगळ्यांना ऐकू आलं.

रस्त्याकडेला एक घर होतं. पुढे अंगण, बाजूला परसात वेल. घरातले काका कुणबी. आमची मराठी आणि त्यांची कोंकणी मध्यावर भेटत होत्या. ते म्हणाले जॅक नाही, पण मुलगा मोटरसायकलवरून जाऊन आणेल, तोवर बसा. बसलो. काका परसात कोनफळं काढत होते. जोयड्याचे कुणबी कंदांसाठी नावाजलेले आहेत. तिथं कंदमुळांचा मेळाही भरतो. आपल्याकडे उंधियूत घालतात तेच जांभळं कोनफळ, पण इथलं मांडीएवढं.

काढायची रीत बघायला आम्ही उभे राहिलो. वेलाचं मूळ धरून काका आधी हातानं माती बाजूला करत. मग पातळ लोखंडी पहार घेऊन ती सरळ न घालता तिरकी घालत, हलकेच, बोटभर. लागलं की थांबत. बाहेर काढून बोटभर पुढे पुन्हा. कंदाला जखम झाली तर तो कुजतो, विकला जात नाही. असं चारी बाजूंनी टोचून त्याचा आकार त्यांनी जमिनीतच शोधून काढला आणि मगच खणायला घेतलं.

आईनं माझा हात धरला. मला कळलं होतं.

मी सहावीत असताना माझी सोन्याची कुडी खळ्यात पडली. शेंगा झोडायचं काम चाललेलं, हातभर भुसा. आईनं मला दोन धपाटे दिले आणि खराटा घेतला. आबा म्हणाले, कुणी हलायचं नाही. जिथं आहे तिथं उभं राहा. मग त्यांनी सुतळीचा गुंडा आणला, खळ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोन हातांवर दोन सुतळ्या ताणल्या आणि त्या पट्ट्यात पोटावर आडवे झाले. हातात मोडक्या छत्रीची काडी. आधी तळहात फिरवायचे, मग काडी तिरकी खुपसायची. सरळ खुपसली तर वरून दाब पडतो, तिरकी घातली तर कडेला लागते, असं ते बोलत होते, बहुतेक स्वतःशीच. एक पट्टा झाला की सुतळी पुढे. दुपारची संध्याकाळ झाली. पाचव्या पट्ट्यात कुडी सापडली. मी टाळ्या वाजवल्या. आबांनी कुडी आईकडे दिली आणि उरलेले तीन पट्टेही तसेच काढले. "मिळाली की हो," आई म्हणाली. "एक मिळाली म्हंजे दुसरी न्हाई असं न्हाई," आबा म्हणाले. मला वाटलं, ते माझी दुसरी कुडी शोधतायत. ती माझ्या कानात होती.

जॅक आला. काकांनी पैसे घेतले नाहीत, आम्ही दोन कोनफळं विकत घेतली, त्याचे मात्र त्यांनी चोख घेतले. अणशीचा घाट उतरताना काळी नदी दिसायला लागते. कद्र्याच्या धरणाशी ती संथ असते, मग शेवटपर्यंत सोबत करते. कारवारात पोचलो तेव्हा दिवे लागले होते आणि हवा एकदम चिकट. स्वेटर काढून पंखा.

तिसरा दिवस : कारवार, चेंडिये

आई माळकरी. कारवार म्हणजे बांगडा, तिसऱ्या, किस्मूर आणि सोलकढी. दादा आणि भाचा रात्रीच एका खानावळीत जाऊन तृप्त होऊन आले होते. आईसाठी मला चिंता होती, ती फुकट गेली. उडुपी हॉटेलं आहेत आणि सकाळी मंगळुरी बन्स मिळतात. पिकल्या केळ्याची गोडसर टम्म पुरी, बरोबर खोबऱ्याची चटणी आणि सांबार. आईनं तीन खाल्ले. गोड पुरीला तिखट चटणी ही काय तऱ्हा, असं म्हणत खाल्ले.

समुद्रकिनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. तरुणपणी ते इथं येऊन राहिले होते. हायवेला लागूनच 'चपळ' ही नौदलाची क्षेपणास्त्र नौका संग्रहालय म्हणून वाळूत आणून ठेवली आहे आणि आता तिच्या शेजारी तुपोलेव्ह विमानही. तिथंच राणेसाहेबांचा पुतळा. उघडायच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि ऊन चढायच्या आत जा, बोटीच्या पोटात भट्टी होते. बोटीत गणवेश घातलेले पुतळे कामाला बसवलेत. अंधारात एकाला आईनं "जरा सरका" म्हटलं.

पुतळ्यापाशी भाच्यानं विचारलं, की यांनी नक्की काय केलं? दादा आणि मी दोघांनी मिळून सांगितलं, आबा सांगायचे तसं.

एप्रिल १९४८, काश्मीरची लढाई. नौशेराहून राजौरीकडे फौज निघाली. ८ तारखेला डोगरा पलटणीनं बरवाली धार घेतली, पण पुढच्या रस्त्यात झाडं तोडून आडवी टाकलेली आणि खाली सुरुंग. रणगाडे पुढे जाऊ शकत नाहीत. सेकंड लेफ्टनंट राणे ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची तुकडी घेऊन कामाला लागले आणि तेवढ्यात तोफगोळे पडले. दोन सॅपर गेले, पाच जखमी, राण्यांच्या मांडीला लागलं. तरी संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा. पुढचे तीन दिवस हेच. इथं आबा नेहमी उठून उभे राहायचे. वरून गोळीबार चालू असताना राणे रणगाड्याच्या पोटाखाली शिरले, रणगाडा गोगलगायीसारखा पुढे आणि खाली राणे रांगत सुरुंग शोधतायत. ड्रायव्हरला थांब-चल कळावं म्हणून दोरी. ११ तारखेला सकाळी सहाला सुरू केलेलं काम रात्री दहाला संपलं. १२ तारखेला फौज राजौरीत.

"म्हणजे गोळी एकही मारली नाही?" भाचा म्हणाला.

"ह्ये तुझ्या आज्याला इचारायचं व्हतंस," आई म्हणाली. "लई खूश झाला असता."

दुपारी चेंडिये. कारवारहून दक्षिणेला दहा-बारा किलोमीटर, बिणगा आणि आरगा ओलांडून. आरग्याला नौदलाचा कदंब तळ आहे, तिथं रस्त्यावर थांबून फोटो काढत बसू नका. चेंडिये म्हणजे एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये भाताची कापलेली खाचरं आणि माड. राणे इथले, जन्म २६ जून १९१८. वडील पोलीस शिपाई, बदल्यांमुळे शाळा तुटक. १९४० ला भरती, मग ब्रह्मदेश. बुथिडाँगला त्यांच्या तुकडीला मागं ठेवून सगळं उडवून द्यायला सांगितलं, न्यायला नौदलाची बोट यायची होती, ती चुकली. जपान्यांच्या पहाऱ्यातून नदी ओलांडून ते माणसं घेऊन परत आले. हे सगळं मला पाठ आहे, कारण आमच्याकडे शुभंकरोतीनंतर हे व्हायचं.

खरं सांगायचं तर गावात आम्हाला काही मोठं बघायला मिळालं नाही. आम्ही तरी काय शोधत होतो? एका दुकानात शहाळी घेतली. दुकानदार बाई म्हणाल्या, नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते फौजेतून पुण्यालाच राहिले, तिथंच १९९४ ला वारले. अंदमानात एका बेटाला त्यांचं नाव दिलंय हे भाच्यानं त्यांना सांगितलं. २०२३ साली परमवीरांची नावं एकवीस बेटांना दिली, त्यात 'राणे द्वीप' आहे. बाईंनी कौतुकानं मान हलवली आणि गावात नागरमडीचा धबधबा आहे तो बघून जा म्हणाल्या.

आईनं शहाळं तसंच हातात धरलेलं. तिनं विचारलं, "त्येंचं लगीन कवा झालं?"

मला माहीत होतं. १९५५ ला.

आईनं बोटं मोजली. "म्हंजे ह्ये सगळं झाल्यावर सात वर्सांनी." मग बराच वेळ ती भाताच्या खाचराकडे बघत बसली. "बाई नशिबाची. तिला परड्यात जावं लागलं न्हाई."

नागरमडीला गेलो नाही. आईचे गुडघे आणि वाट दगडाची. बायकामुलं घेऊन जाणाऱ्यांनी पावसाळा संपल्या-संपल्या जावं, जानेवारीत पाणी कमीच असतं म्हणे.

चौथा दिवस : काळीचा पूल ते आमचा साकव

पहाटे चारला निघालो, कारण गोवा, बांदा, सावंतवाडी, आंबोली, आजरा, संकेश्वर असा मोठा पल्ला होता. कारवार सोडताच काळी नदीवरचा पूल लागतो. खरं तर इथं दोन होते. जुना, चाळीसेक वर्षांचा पूल ६-७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्री कोसळला. वर एक ट्रक होता, तो नदीत गेला, ड्रायव्हरला मच्छीमारांनी आणि पोलिसांनी वाचवलं. आता सगळी वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून.

आबा कुठल्याही पुलावर गाडीची काच खाली करायचे आणि खांब मोजायचे. मोठ्यानं. आम्हाला कॉलेजच्या वयात याची फार लाज वाटायची, एसटीत तर विचारूच नका. अंधारात खांब दिसत नव्हते. दादानं तरीही काच खाली केली. गार वारा आत आला, पुलाच्या सांध्यांवर टायर धपधप वाजत होते. मी ते मोजायला लागले आणि मध्येच माझ्या लक्षात आलं, की भाचाही ओठ हलवतोय. आमचे आकडे जुळले नाहीत.

आंबोलीत गरम भजी आणि चहा. संकेश्वरला हायवे. कुंद्याचा डबा मी वाटेत कधीतरी टाकून दिला होता आणि नवा घ्यायला बेळगाव आता वाटेत नव्हतं. मामांना फोन केला तर म्हणाले, सॅपर लोकांचं असंच, येताना वाट बदलतात.

गावात शिरलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. साकवाअलीकडे दादानं गाडी थांबवली. मी उतरले, भाचा उतरला, या खेपेला न हसता. मी आईच्या बाजूचं दार उघडलं.

आई हलली नाही. मांडीवर कोनफळाची पिशवी तशीच.

"आई, उतर की."

"मी न्हाई उतरत," ती म्हणाली. "त्येंनी बांधलाय. मी बसून जाणार."

दादानं माझ्याकडे बघितलं. मग पहिला गिअर टाकून सावकाश गाडी पुढे काढली.